ठवणीच्या पलीकडून

"ही आपली पोथी नाही."

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सकाळी आमचे पाद्री अबुना अफ्रेम यांनी ठवणीवरचं लाल कापड उचललं आणि एवढंच म्हणाले. ऑलिव्हच्या डहाळ्या धरून उभी असलेली माणसं ठवणीकडे सरकली. तशी माणसं तरी किती होती म्हणा! तुर्की मुलखातल्या आमच्या कफर-तूतो गावात आता एका चटईवर मावतील एवढेच ख्रिस्ती उरलेत. बाकीचे स्वीडन-जर्मनीत बसून तिथल्या थंडीला शिव्या घालतात.

कापडाखाली पुस्तक होतं, पण छापील. जर्मनीत राहणाऱ्या इसाने गेल्या उन्हाळ्यात तिथून भेट म्हणून आणलेलं. आणि तेही उलटं मांडलेलं, अक्षरांची डोकी खाली, पाय वर.

"कुणी मांडलं हे?" अबुनांनी विचारलं.

सणाच्या आदल्या दिवशी पोथी कपाटातून काढून ठवणीवर मांडायची आणि वर कापड टाकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. हे काम म्हातारा मलके करायचा. तो थंडीत वारला. त्याचा धाकटा भाऊ बरसौमो काठी टेकून भिंतीशी उभा होता. धाकटा म्हणजे तोही पिकलं पानच.

"मी नाही," बरसौमो म्हणाला. "माझे गुडघे धरलेत. शनिवारी घराबाहेर पडलो नाही."

अबुना शेजारच्या गावात राहतात. त्यांना वाटलं होतं बरसौमो मांडेल. मुख्तार लहदोला, म्हणजे आमच्या गावच्या पाटलाला, वाटलं होतं अबुना मांडतील. कपाट उघडलं. ते रिकामं होतं.

ती पोथी म्हणजे गावाचा जीव होता. कातडी पानांची, हाताने लिहिलेली, पितळी कड्यांनी मिटणारी. ख्रिस्त्यांची कत्तल झाली त्या वर्षी आमच्या पणज्यांनी लेकरांच्या आधी तिला विहिरीत लपवलं होतं, असं सांगतात. भाषा जुनी अरामी, चर्चमधली. घरात आम्ही बोलतो ती सुरयत, त्याच अरामीची नात. गाण्याची पोथी गावात एवढी एकच. म्हणून मलके आणि बरसौमो आयुष्यभर ठवणीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहून तिच्यावरूनच गायले. एकाने एक कडवं म्हणायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. आमची प्रार्थना अशी दोन बाजूंचीच असते.

"मामा," इसा म्हणाला. इसा लहदोचा भाचा, जर्मनीत हॉटेल चालवतो, इथे लाल कौलांचं घर बांधतोय. "ज्याने हे मांडलं त्याला आपल्या अक्षरांचं डोकं कुठलं नि पाय कुठला तेही कळत नाही. म्हणजे तो आपल्यातला नाही. चर्चची किल्ली दगडाखाली असते हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"हस्कोलाही?"

हस्को ओढ्यापलीकडचा कुर्द, शेळ्या राखणारा. त्याच्या मुलाची सुंता झाली तेव्हा पोर लहदोच्या मांडीवर होतं. या नात्याला आमच्याकडे किरीव म्हणतात आणि ते रक्ताच्या नात्याहून वरचं मानतात. हस्को सुरयत बोलतो ती आमच्या पोरांपेक्षा चांगली. इसाच्या पोरांपेक्षा तर शंभर पटींनी, कारण त्यांना ती येतच नाही.

इसाने चौकीला फोन केला. जवान आले, हस्कोच्या घराची झडती झाली आणि गोठ्यात पोथीची पितळी कडी सापडली. मग काय, तक्रारीवर मुख्तारचा शिक्का हवा होता. लहदोने शिक्का शोधायला वेळ लावला, पण मारला. हस्कोला गाडीत घालून तालुक्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हस्कोची बायको गुले लहदोच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"बस, गुले. चहा ठेवतो."

"तुझा चहा नको. मी विचारायला आलेय. मागच्या धामधुमीत गाव ओस पडलं होतं, तुम्ही सगळे पळाला होतात, तेव्हा चर्चची किल्ली कुणाच्या कमरेला होती?"

"हस्कोच्या."

"तेव्हा पोथी होती, घंटा होती, चांदीचे दिवे होते. विचारणारं काळं कुत्रं नव्हतं. तेव्हा त्याने चोरलं नाही, आणि आता चोरलं?"

"कडी सापडली ना गोठ्यात."

"ती कडी मी शेळीच्या गळ्यात बांधली होती, किरीव! दोन महिने ती शेळी तुमच्या दारांवरून फिरतेय. चोर चोरीचा माल शेळीच्या गळ्यात बांधून गावभर मिरवतो का?"

गुलेने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ईस्टरपर्यंत तो घरी आला नाही, तर आम्ही दियारबकीर शहरात लेकाकडे चाललो. मग राहा तुम्ही आणि तुमची थडगी."

ती गेली. लहदोने तो शिक्का उचलून फडताळात टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीची दोरी आपल्याच हातची, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं. त्याने टोपी चढवली आणि तालुक्याची बस पकडली.

हस्को गजांआड भिंतीला टेकून बसला होता. ओठ सुजला होता. कशाने, ते त्याने सांगितलं नाही.

"कसा आहेस?" लहदोने सुरयतमध्ये विचारलं.

"इथे तुर्कीत बोलायचं!" दारावरचा जवान ओरडला.

हस्को हसला आणि सुरयतमध्येच हळू म्हणाला, "त्याला वाटतं आपण कुर्दीत त्याच्या आईवरून शिव्या देतोय. विचार, काय विचारायचंय ते."

"कडी कुठे मिळाली?"

"तुमच्या थडग्यांपाशी. मोठा पाऊस झाला ना, त्यात माती वाहून गेली आणि ती वर आली. मला वाटलं कुणाच्या पट्ट्याची असेल."

"कुणाच्या थडग्यापाशी?"

"मलकेला ठेवलंत ना, त्या दगडी खोलीच्या दाराशी."

"कधी?"

"त्याच्या चाळिसाव्याचं जेवण झालं नव्हतं तेव्हा."

"हे जवानांना सांगितलंस?"

"सांगितलं की! ते म्हणाले, म्हणजे तू थडगीही उकरतोस."

दोघेही हसले. मग हस्कोचं हसू थांबलं. "किरीव, त्या कागदावर शिक्का तुझा होता. मला वाचता येत नाही, पण तुझा शिक्का मी ओळखतो."

"मी तुला सोडवतो."

"लवकर सोडव," हस्को म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

परतीच्या वाटेवर लहदो अबुनांच्या घरी उतरला. अबुनांनी भरड्या गव्हाचा उपासाचा बुलगुर आणि बिनदुधाचा चहा पुढे ठेवला.

"पोथी शेवटची कधी पाहिलीत?"

"मलकेच्या मातीला. रीतीप्रमाणे थडग्यापर्यंत नेली होती."

"परत कुणी आणली?"

"आणलीच असेल कुणीतरी. पाऊस कोसळत होता, लहदो. तूही पळालास, मीही पळालो. बरसौमो तेवढा मागे भिजत उभा होता. मधे एकही सण नव्हता, लेंटच्या उपासातही ती पोथी लागत नाही, मग कपाट कोण उघडतंय?"

"आणि रविवारी ते छापील पुस्तक उलटं होतं. मग काय केलंत?"

"काय करणार? सरळ केलं, पानांत खुणेची रिबीन होती तिथे उघडलं आणि झावळ्यांच्या दिवसाचं गाणं सुरू केलं. देवाचं काम थोडंच थांबतं!"

लहदोचा पेला हातातच राहिला. "पुन्हा सांगा."

अबुनांनी तेच पुन्हा सांगितलं. लहदो उठला आणि उरलेला चहा तसाच टाकून निघाला.

इसा त्याच्या नव्या घराच्या परांचीवर चढून गवंड्यांना शिकवत होता.

"खाली ये. पोथी तुला हवी होती ना?"

"हवी होती, लपवत नाही. आमच्या तिकडच्या चर्चने काचेची पेटी करून ठेवलीय मामा, आत दिवा, ओलावा मोजायचं यंत्र. इथे काय, उंदीर खाणार तिला."

"म्हाताऱ्यांना विचारलं होतंस?"

"नाताळात. दोघं एकत्रच बसले होते. मलके काका रडायला लागले. बरसौमो काका म्हणाले, पेटीतली पोथी कुठल्या बाजूने वाचायची? मला वाटलं म्हातारा चळला."

"तुला वाचता येतं?"

"सुरयत बोलता येते. वाचायचं म्हटलं तर... आपली लिपी नाही येत. जर्मन अक्षरांत लिहून दिलं तर वाचेन."

"आणि तुझ्या पोरांना?"

"पोरांना काय! ती आपसात जर्मनमध्ये भांडतात, माझ्याशीही. मी त्यांना सुरयतमध्ये रागावलो की हसतात. तुम्ही मलाच काय विचारताय मामा? चोर कोठडीत आहे."

"तो बाहेर येईल," लहदो म्हणाला. "आणि आत घालायला मग कुणी उरणार नाही."

इसाला ते समजलं नाही. लहदोने समजावलंही नाही.

गुरुवारी दुपारी पाय धुण्याची प्रार्थना असते. ती आटोपल्यावर माणसं उठू लागली तसं लहदोने सगळ्यांना थांबवलं. दारात गुलेही उभी होती, तिला त्यानेच बोलावलं होतं. बरसौमो भिंतीकडेच्या दगडी ओट्यावर बसला होता. लहदोने ठवणीवरून छापील पुस्तक उचललं आणि त्याच्या हातात सरळ धरून दिलं.

"काका, उद्याचं पान लावून द्या. मलके काका नाहीत, आता हे तुम्हालाच बघायला हवं."

बरसौमोने पुस्तक मांडीवर घेतलं. खाली न बघताच त्याने ते फिरवलं, वरची कड आपल्या पोटाशी आणली. मग भराभर पानं उलटली, शुक्रवारच्या गाण्यापाशी रिबीन घातली आणि सवयीने पहिली ओळ मोठ्याने म्हटली. त्या आवाजाला अजून धार होती.

"काका," इसा म्हणाला, "पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

"सरळच आहे," बरसौमो म्हणाला.

बरसौमोने मान वर केली, सगळ्यांची तोंडं पाहिली आणि पुस्तक मिटलं.

लहदो ठवणीपाशी गेला. "रविवारी आपण सगळे चुकलो," तो म्हणाला. "पुस्तक उलटं दिसलं आणि आपण ठरवलं, हे वाचता न येणाऱ्याचं काम. पण रिबीन झावळ्यांच्या दिवसाच्या गाण्यावर होती. अबुनांनी ती घातली नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने ते गाणं शोधलं कसं? हस्कोला आपली अक्षरं येत नाहीत. इसालाही येत नाहीत. म्हणजे ज्याने पुस्तक उलटं मांडलं, त्याला उत्तम वाचता येत होतं."

"असं कसं होईल?" इसा म्हणाला.

"तू इथे लहान होतास, मग गेलास. तुला आठवत नाही. पोथी एकच होती. मलके काका इकडे उभे राहायचे, पोथीच्या पायाशी. बरसौमो काका पलीकडे, डोक्याशी. पोरवयात त्यांना अक्षरं शिकवली तीही पलीकडूनच. त्यांनी जन्मभर आपली लिपी उलटी वाचली. आपल्याला जे सरळ ते त्यांना परकं. पोथी मांडायचं काम नेहमी मलके काकांचं, म्हणून हे कधी कुणाच्या लक्षात आलं नाही. शनिवारी पहिल्यांदा बरसौमो काकांनी मांडलं. मलके काकांच्या जागी, इकडे उभं राहून मांडलं, पण आपल्या डोळ्यांना सरळ दिसेल तसं."

बरसौमो काठीच्या मुठीवर हात ठेवून बसला होता.

"आणि पोथी?" अबुनांनी विचारलं.

"पोथी कपाटात परत आलीच नाही. मातीच्या दिवशी पाऊस होता, आपण पळालो. मागे कोण राहिलं, ते तुम्हीच मला सांगितलंत. कडी थडग्याच्या दाराशी सापडली, तीही चाळिसाव्याच्या आधी, जेव्हा आपण समजत होतो की पोथी कुलपात आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोथी मलके काकांपाशी आहे."

"त्याच्या छातीवर ठेवलीय," बरसौमो म्हणाला. आवाज शांत होता. "माझ्या हाताने ठेवली. जुनी कडी होती, तिथेच कुठे तरी निखळली असेल."

"का, काका?" इसा ओरडला. "मी काचेची पेटी केली होती तिच्यासाठी!"

"तुझ्या पेटीत ती एका पानावर उघडी राहिली असती. कायमची. लोकांनी बघितलं असतं आणि पुढे गेले असते." तो थांबला. "त्याला ठेवल्यावर मी गायलो. माझं कडवं म्हटलं आणि थांबलो. आयुष्यभर थांबायची सवय. उत्तर आलं नाही. मग म्हटलं, त्याचंही मीच म्हणतो. पोथी फिरवून त्याच्या बाजूने बघितलं, तर मला एक अक्षर वाचता येईना, लहदो. एक अक्षर! अर्धी पोथी त्याच्याबरोबर गेलेलीच होती. उरलेली अर्धी मी दिली. या गावात आता समोर उभं राहायला कोण आहे? सांग. कोण आहे?"

घ्यायला नाव नव्हतं.

"मी सांगणार होतो," बरसौमो म्हणाला. "म्हणून तर छापील मांडून ठेवलं, तुमचं अडू नये म्हणून. पण सगळ्यांसमोर धीर झाला नाही, 'मी नाही' म्हणून गेलो. मग याने चोर, चोर म्हणून आरडाओरडा केला, जवान आले. मी घाबरलो. थडगं उघडतील, भावाला बाहेर काढतील."

"आणि हस्को?" लहदोचा आवाज चढला. "मेलेल्या भावाची झोप मोडू नये म्हणून तुम्ही जिवंत माणूस कोंडू दिलात! पाऊस थांबल्यावर मलके काकांच्या थडग्याचा दगड त्यानेच मुकाट्याने खांदा लावून लोटला होता!"

"मला वाटलं सोडतील."

"कुणी सोडत नाही, काका!"

"शिक्का तू मारला होतास," बरसौमो म्हणाला.

दारातून गुले निघून गेली होती. ती केव्हा गेली, ते कुणी पाहिलं नाही.

त्याच दुपारी अबुनांनी प्रार्थना म्हणून दगड सरकवला. बरसौमोचं भय खरं ठरलं, फक्त उघडणारे जवान नव्हते, आम्हीच होतो. हिवाळाभर आत पाणी झिरपलं होतं. पोथी मलकेच्या छातीवरच होती, पण पानांचा एकच गोळा झाला होता, भिजून वाळलेल्या पोळीसारखा. अबुनांनी एक कोपरा उचलायचा प्रयत्न केला, तो बोटाला चिकटून आला. इसा बाजूला जाऊन थडग्याच्या भिंतीला टेकून रडला. त्याला तिथे पाहून लहदोला पहिल्यांदाच वाटलं की पोरगं खरंच जीव टाकत होतं त्या पोथीवर. दगड पुन्हा लावला.

लहदो तक्रार मागे घ्यायला तालुक्याला गेला. कागद शनिवारी पुरे झाले आणि हस्को सुटला.

ईस्टरच्या सकाळी लहदो कांद्याच्या सालीत रंगवलेली अंडी टोपलीत घेऊन ओढ्यापलीकडे गेला. अंगणात ट्रॅक्टर उभा होता. त्यावर गाद्या, भांडी, कोंबड्यांचं खुराडं. शेळ्या शेजारच्याने विकत घेऊन नेल्या होत्या. हस्को दोरी आवळत होता.

"शलोमो, किरीव," लहदो म्हणाला.

हस्कोने मान वळवली. त्याने तुर्कीत उत्तर दिलं, सरकारी कचेरीत देतात तसं. "नमस्कार, मुख्तारसाहेब."

"किरीव, मी चुकलो. तुझ्या पाया पडायला आलोय. थांब इथेच."

"रस्ता लांबचा आहे, मुख्तारसाहेब," हस्को पुन्हा तुर्कीतच म्हणाला. "ऊन चढायच्या आत निघायचंय."

गुले घरातून बाहेर आली. तिने टोपली पाहिली, लहदोचा चेहरा पाहिला, आणि तिला राहवलं नाही. "लहान अंडी रंगवलीस रे, किरीव," ती सुरयतमध्ये म्हणाली. "तुझ्या कोंबड्यांना काही खायला घालत नाहीस का?"

हस्कोने दोरीची गाठ मारली. मग तो बायकोला हळूच, तुर्कीत म्हणाला, "इथे तुर्कीत बोलायचं."

गुले ट्रॅक्टरवर चढून बसली. लहदो टोपली घेऊन परत फिरला. चर्चमधून बरसौमोचं गाणं ऐकू येत होतं. तो एक कडवं म्हणायचा, थांबायचा, आणि मग पुढचं म्हणायचा. आमच्या खोऱ्यात सुरयत बोलणारं आणखी एक घर कमी झालं होतं, आणि त्या घरातलं कुणीही मेलं नव्हतं.